खोबण्या

हरिहरच्या पायऱ्यांना कठडा नाही.
आहेत त्या खोबण्या, दोन्ही हातांना एकेक,
कुणीतरी छिन्नीनं बोटांच्या मापानं कोरलेल्या.
बोटांच्या. पंजांच्या नव्हेत.

हे मला चौथ्या खेपेला दिसलं.

आधीच्या तीन खेपांना लवंगी पाठीवरच्या पिशवीतून आली.
पिशवी भद्रकालीतल्या अन्वरभाईंनी शिवलेली,
जुन्या तंबूचं कापड, चार बकला, आत माझा विटका स्वेटर.
वजन नऊ किलो.
किराणावाल्याच्या काट्यावर केलं होतं,
ती हलत होती म्हणून दोनदा.
वरच्या दरवाजात, शेंदरी गणपतीपाशी,
आमचा फोटो निघायचा:
जीभ बाहेर ती, दात बाहेर मी.
लोक म्हणायचे, काय धीट आहे हो!
मी म्हणायचो, आहेच,
जसं काही तिला विचारून आलो होतो.

जानेवारी. निरगुडपाड्याच्या पठारावर
वाऱ्यानं गवत एका कुशीवर निजवलेलं.
चढताना काही झालं नाही.
चढताना माणूस पुढची पायरी बघतो, तेवढीच,
आणि स्वतःवर खूश असतो.

उतरताना तोंड कातळाकडे, पाठ दरीकडे.
पिशवीचं तोंड मागे.
म्हणजे तीन खेपा मी दगड बघत उतरलो होतो
आणि दरी बघत होती ती.
हा हिशेब मी तोवर मांडलाच नव्हता.

मधल्या कुठल्याशा पायरीवर
एक वानर कडेकडेनं आडवं गेलं, पिल्लू पोटाशी धरून.
नऊ किलो एकदम उजवीकडे.
माझा डावा हात खोबणीतून सुटला,
नखात माती, आणि काही नाही.
बकल करकरलं.
कानामागचा तिचा श्वास थांबला.

मग हात परत सापडला. कसा, ते नाही सांगता येत.

ती भुंकली नाही.
थरथरली फक्त,
आणि ती थरथर स्वेटरमधून, कापडातून
माझ्या मणक्यात उतरत राहिली, मणी मणी मोजत.
वरून कुणी ओरडलं,
"ओ दादा, सरका ना खाली, रांग लागलीय!"

पायथ्याला तुळशीराम वारघडे लिंबू सरबत विकतो.
त्याचं तांबडं कुत्रं प्रत्येक टोळीबरोबर
पायऱ्यांपर्यंत जातं, पहिली पायरी हुंगतं,
आणि तिथंच बसतं. कितीही बिस्किटं दाखवा.
मी विचारलं, तुमचं नाही चढत वर?
"कशाला चढंल? त्याचं काय हाय वर?"
लिंबू पिळता पिळता त्यानं लवंगीकडे पाहिलं.
ती अजून पिशवीतच होती, बाहेर यायला तयार नव्हती.
"ह्ये बी गडावर येत नाय, सायेब.
तुमच्या मागं येतंय."
सरबताचे वीस रुपये.
सुटे नव्हते माझ्याकडे,
तो म्हणाला, राहू द्या, पुढच्या टायमाला.

पुढच्या वेळी तिला त्याच्या छपरात बांधून गेलो.
ती रडली. पठारभर ऐकू येत होतं,
पायऱ्यांच्या तोंडाशीही थोडं.
वरच्या दरवाजात आवाज नव्हता.
ती थांबली होती की वारा वाढला होता, कोण जाणे.
ब्रह्मगिरी दिसला, वैतरणेचं पाणी दिसलं,
फोटो काढायला कुणाला सांगितलं नाही.

घरी, पाथर्डी फाट्यावर, आमचा तिसरा मजला.
लिफ्ट दिवाळीपासून बंद.
लवंगी पुढे पळते, नखं फरशीवर टकटक टकटक,
आणि प्रत्येक वळणावर थांबून
मान वळवून बघते, मी येतोय ना.

येतोय, म्हणतो मी,
कठड्याला हात लावत.